भीष्म जागचा हलेना: सोसायटीच्या देखाव्यातल्या रेडिओ-नियंत्रित रणगाड्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका काका-पुतण्याची ही गोष्ट. दोघांना विचारून लिहितोय. नावं, सोसायटी, कंपनी वगैरे ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. काका पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. पुतण्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला. काकांना रणगाडा दिसायला हुबेहूब हवा, पुतण्याला तो चालवायला हवा. एकाच मॉडेलवर दोघांचे हात पडले की पुढचं बरंचसं ठरल्यासारखंच असतं, पण ते कळायला आषाढ उजाडावा लागला.

मॉडेल १/१६ मापाचं, बाहेरून मागवलेलं, तयार चालणारं टी-९० या रशियन रणगाड्याचं. खोक्यात मिळतं ते असं: प्लॅस्टिकचा हल (रणगाड्याचं खालचं धड), प्लॅस्टिकचे ट्रॅक (चाकांवरचे साखळीपट्टे), प्रत्येक बाजूला एक मोटर आणि तिचा गिअरबॉक्स, सगळं सांभाळणारा एक मुख्य बोर्ड, २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट, ७.४ व्होल्टची लिथियम बॅटरी, इंजिनाचा आवाज काढणारा स्पीकर, तेल तापवून धूर सोडणारी डबी आणि ६ मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या उडवणारी तोफ. वजन ३ किलो ८०० ग्रॅम. खरा टी-९० नळीसकट साडेनऊ मीटर लांब असतो, म्हणजे या मापात साधारण ६० सेंटिमीटर. टीपॉयवर ठेवला तर नळी बाहेर येते.

काकांना तो रशियन नको होता, आपला 'भीष्म', म्हणजे भारतीय लष्करातला टी-९०, हवा होता. भारतानं २००१ साली ३१० टी-९०एस रणगाड्यांचा करार केला. त्यातले १२४ तयार आले आणि १८६ सुट्या भागांतून चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात जोडायचे होते. रशियन आणि भारतीय गाड्यांतला नजरेत भरणारा फरक टरेटच्या, म्हणजे वरच्या फिरत्या घुमटाच्या, कपाळावर आहे. रशियन टी-९०ला नळीच्या दोन्ही बाजूंना श्टोरा यंत्रणेचे दोन दिवे असतात, क्षेपणास्त्राच्या मार्गदर्शनाला चकवा देण्यासाठी. अंधारात ते लाल डोळ्यांसारखे दिसतात आणि मॉडेलवाल्यांना फार आवडतात. आपण ते घेतले नाहीत. त्या जागी कोन्ताक्त-५ या स्फोटक चिलखताचे ठोकळे आहेत. डोळे काढून ठोकळे बसवले की निम्मा भीष्म झाला, असं आमच्याकडे म्हणतात. उरलेला निम्मा मात्र वर्ष खातो.

संदर्भाचा प्रश्न काकांनी आधीच निकाली काढला. गाडी सेवेत आहे, तेव्हा प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातली दृश्यं आणि अधिकृत छायाचित्रं यापलीकडे जायचं नाही. ओळखीच्या फौजी माणसाला 'आतलं जरा सांगा ना' असं विचारायचं नाही. रेजिमेंटची खरी खूणही घालायची नाही. मला हे दोन्ही निर्णय पटले. पोलाद जवळून कसं दिसतं ते पाहायला ते नगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन आले. पॅटनच्या ओतीव टरेटची खडबडीत कातडी आणि जोडीव पत्र्याची सपाटी यातला फरक फोटोत कळत नाही, चार फुटांवर उभं राहिलं की कळतो. सुरुवातीच्या काही भारतीय टी-९०एसना ओतीव टरेट होतं, नंतरच्यांना जोडीव. किटमधलं टरेट जोडीव होतं, काकांनी तेच ठेवलं.

मग काम सुरू झालं. वेल्डिंगच्या रेघांसाठी एम-सीलची सुतासारखी वळी करून सांध्यात दाबायची आणि ओली असतानाच इंजेक्शनच्या सुईच्या घासून अर्धगोल केलेल्या टोकानं एकाला लागून एक ठसे उमटवत जायचं. एम-सील भराभर घट्ट होतं, त्यामुळे एका वेळी चार-पाच सेंटिमीटरच. इंजिनावरच्या जाळीला चहाच्या गाळणीची जाळी. चिखलात रुतल्यावर ट्रॅकखाली घालायचा जो ओंडका टी-९०च्या पाठीशी बांधलेला असतो, तो कढीपत्त्याच्या वाळलेल्या फांदीचा, कारण तिची साल या मापाला शोभेल इतकी बारीक असते. ओढायच्या दोरासाठी स्कूटरची क्लच वायर आणली होती, पण ती ताठ राहते. शेवटी तांब्याची पीळदार तार लावली, ती स्वतःच्या वजनानं लोंबते. आणि सगळ्यावर थरच्या वाळवंटाची धूळ म्हणून मुलतानी माती आणि किंचित गेरू. दुकानातल्या महागड्या पिगमेंटपेक्षा हे मिश्रण मला जास्त खरं वाटतं.

धातूही बराच चढला. जस्ताच्या मिश्रधातूचे ट्रॅक, स्प्रॉकेट (ट्रॅक ओढणारं दातेरी चाक) आणि आयडलर (दुसऱ्या टोकाचं, ट्रॅक ताणून धरणारं चाक), बाराही रोडव्हील (जमिनीवरून चालणारी चाकं) धातूची, पितळेची नळी, कोन्ताक्तचे भरीव ठोकळे, मोठी बॅटरी. काकांचा हिशेब सरळ होता. खरा रणगाडा साडेसेहेचाळीस टनांचा. १/१६ मापात वजन १६ गुणिले १६ गुणिले १६, म्हणजे ४,०९६ पटींनी कमी होतं. म्हणजे मॉडेल ११ किलो साडेतीनशे ग्रॅमचं हवं. "आपला तर अजून सहाच किलोचा आहे!"

"काका, मग इंजिनही त्याच हिशेबानं लावा ना," पुतण्या म्हणाला. हजार अश्वशक्ती भागिले ४,०९६ केलं तर जवळपास पाव अश्वशक्ती येते, म्हणजे १८० वॉट. किटमधल्या दोन छोट्या मोटरी सरळ चालताना पंधरा वॉटच्या आसपास घेतात. बोलणं हसण्यावारी गेलं, पण प्रकरणाचं मर्म त्याच दिवशी टेबलावर मांडलं गेलं होतं.

अडचण

सोसायटीच्या गणपतीला त्या वर्षी सीमेवरच्या जवानांचा देखावा ठरला. काकांचा रणगाडा सगळ्यांनी पाहिलेला. सेक्रेटरींनी शब्द टाकला, काका हो म्हणाले. दहा दिवस, रोज संध्याकाळच्या आरतीनंतर रणगाडा वाळूच्या टेकाडामागून येईल, जागच्या जागी वळेल, नळी उंचावून 'फायर' करेल आणि परत जाईल. एका संध्याकाळी आठ-दहा फेऱ्या. तोपर्यंत काकांच्या घरात तो फरशीवर एका वेळी दोन-चार मिनिटं चालला असेल.

आषाढात, चतुर्थीला पाचेक आठवडे असताना, क्लब हाउसमध्ये तालीम झाली. जमिनीवर जाजम, त्यावर कापडी पिशव्यांतून आणलेली थोडी वाळू. सरळ तो छान गेला. पुतण्यानं जागच्या जागी वळवायला दोन्ही ट्रॅक उलटसुलट फिरवले. रणगाडा थरथरला, पुढचा भाग इंचभर सरकला, उजवीकडून दात तुटल्यासारखी करकर आली आणि डावीकडचा ट्रॅक थांबला. इंजिनाचा आवाज मात्र स्पीकरमधून जोरात चालूच. मग बोर्ड जळल्याचा वास. पोरांना वाटलं धूर सोडणारी डबीच चालू केली आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

नेमकं काय बिघडलं

उघडल्यावर तीन गोष्टी हाती आल्या. उजव्या गिअरबॉक्समधल्या एका प्लॅस्टिक चाकाचे दात सपाट. बोर्डावर डाव्या मोटरला वीज देणारा भाग जळालेला. आणि स्प्रॉकेटचा दांडा हलच्या प्लॅस्टिकमध्ये जिथून बाहेर येतो ते भोक अंड्याच्या आकाराचं. तिसरी गोष्ट पुतण्यानं आधी पाहिली, काकांनी आधी समजून घेतली: दांडा वजनानं वाकत होता, त्यामुळे चाकांचे दात पुरते जुळतच नव्हते. शिवाय आतल्या ग्रीसमध्ये मुलतानी माती. ट्रॅकला लावलेली धूळ फिरून फिरून आत गेली होती आणि ग्रीसमध्ये मिसळून तिची घासायची पेस्ट झाली होती.

पण दात का तुटले, हे फक्त वजनानं समजत नाही. सहा किलो १५० ग्रॅमचा रणगाडा सरळ सहज जात होता. ट्रॅकवरचं वाहन वळतं तेव्हा ट्रॅकची जमिनीला टेकलेली अख्खी लांबी आडवी घासते. याचं गणित पाठ्यपुस्तकातलं आहे: वळायला होणारा विरोध म्हणजे घर्षण गुणिले वजन गुणिले टेकलेल्या ट्रॅकची लांबी, भागिले चार. टी-९०चा टेकलेला ट्रॅक या मापात सुमारे २७ सेंटिमीटर, दोन ट्रॅकमधलं अंतर साडेसतरा. पुतण्यानं जाजमाचं घर्षण ०.९ धरलं आणि आलेल्या विरोधाला दोन ट्रॅकमधल्या अंतरानं भागलं, तर प्रत्येक ट्रॅकला दोन किलोपेक्षा जास्त ओढ लावावी लागते असं निघालं. सरळ जाताना काही शे ग्रॅम पुरतात. घरच्या गुळगुळीत फरशीवर हे कधी दिसलंच नाही, कारण तिथे ट्रॅक मुकाट घसरत होते.

नंतर बदली बोर्डावर, बॅटरीच्या वाटेत अँपिअरमीटर टाकून मोजलं. सरळ चालताना दोन अँपिअर. जाजमावर वळताना नऊच्या वर, आणि मग फ्यूज गेला. हा फ्यूज पुतण्यानं तेव्हा नव्यानं घातला होता. पहिल्या बोर्डाच्या नशिबी तो नव्हता.

समोरचे पर्याय

मंडळाच्या पोरांचा पर्याय सगळ्यात सोपा होता आणि मला आजही तो कमी दर्जाचा वाटत नाही. पुण्यातल्या देखाव्यात हलणाऱ्या मूर्ती वर्षानुवर्षं गाडीच्या वायपर मोटरवर चालत आल्या आहेत. फळीला खाच पाडायची, खालून तार, तारेला रणगाडा. मोटर पुढे-मागे ओढेल. आतल्या मोटरी बंद, फक्त आवाज आणि दिवे चालू. दहा दिवस न थकता चाललं असतं. काकांनी ऐकूनच घेतलं नाही. "मग त्यात आणि पुठ्ठ्याच्या रणगाड्यात फरक काय?" फरक होता, वर्षभराचं काम प्रेक्षकाला तेवढंच दिसलं असतं. पण मॉडेल कुणाचं, हेही निर्णयात मोजावं लागतं.

दुसरा पर्याय सगळी ताकद वाढवण्याचा: पोलादी गिअरबॉक्स, दणकट मोटरी, प्रत्येक मोटरला वेगळा स्पीड कंट्रोलर. बाहेरून मागवायचं तर चतुर्थीपर्यंत पोचेल याची हमी कुणी देईना. नवं अख्खं मॉडेल आणून त्यातले भाग काढणं हा तर श्रीमंती उपाय. खेळण्यांवरची आयात जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ साली ७०.

तिसरा, काकांच्या मनातला: तुटलेलं चाक भोसरीत पोलादात कापून घ्यायचं. ओळखीचा गिअर कापणारा होता. त्यानं चाक हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, एवढं बारीक दाताचं कटर माझ्याकडे नाही. आणि एक चाक पोलादी केलं तर शेजारचं प्लॅस्टिकचं मरेल. काकांना हे माहीत नव्हतं असं नाही. टूलरूमचा माणूस दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घ्यायला भोसरीपर्यंत जातो, एवढंच.

चौथा, वजन उतरवण्याचा. आणि पाचवा, जमीन बदलण्याचा. हा पाचवा सुचायला सगळ्यात जास्त दिवस लागले, आणि तो सुचला गणिताकडे पुन्हा पाहताना. त्या सूत्रात तीनच गोष्टी आहेत. लांबी खऱ्या रणगाड्यानं ठरवलेली, तिला हात लावता येत नाही. वजन उतरवायचं तर केलेलं काम उखडायचं. घर्षण मात्र सर्वस्वी मांडववाल्याच्या हातात. रस्ता कशाचा करायचा आणि वळण किती मोठं घ्यायचं, हे ठरवायला एक पैसा लागत नव्हता. आम्ही सगळे रणगाडा उघडून बसलो होतो, जाजमाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

धातूच्या ट्रॅकवरून वाद

वजनाच्या यादीत वरचा आकडा धातूच्या ट्रॅकचा, ९०० ग्रॅम. ते काढायचे म्हटल्यावर काका उठूनच गेले. धातूचा ट्रॅक आपल्या वजनानं वरच्या बाजूला झोळ खातो, चाकांवर टेकतो, खऱ्यासारखा दिसतो; प्लॅस्टिकचा ताणलेल्या पट्ट्यासारखा हवेत राहतो. हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. टायगरसारख्या रणगाड्यात, जिथे वरचा ट्रॅक मोठ्या चाकांवर उघडा पडलेला दिसतो, तिथे झोळ नसेल तर मॉडेल मेलंच.

पण हा टी-९०. याला वरच्या बाजूला ट्रॅक उचलून धरणारे तीन रोलर असतात आणि त्या सगळ्यावरून बाजूची झालर येते. पुतण्यानं मॉडेल टेबलावर ठेवलं, एका बाजूला धातूचा ट्रॅक, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकचा, दोन्हीवर एकच रंग आणि तेलरंगाचा तोच वॉश (पातळ केलेल्या रंगाचा हात). मग मंडळाच्या चौघांना सहा फुटांवर उभं करून विचारलं, धातूचा कुठला? दोघांचं बरोबर, दोघांचं चूक. झोळ झालरीमागे होता. काका वाकून, चष्मा वर करून दोन्ही बाजू पाहत राहिले आणि म्हणाले, "पुढच्या आयडलरपाशी कळतं." तिथे खरंच कळतं. पण तेवढ्यासाठी ९०० ग्रॅम?

हा या प्रकरणातला कळीचा क्षण होता असं मी मानतो. धातूचे ट्रॅक काकांनी दुसऱ्या रणगाड्यांच्या फोटोंवरून, हौशी मंडळींच्या बोलण्यावरून घेतले होते. या रणगाड्याला ते काय देतात हे तपासलंच नव्हतं. ठरलं असं: देखाव्यापुरते प्लॅस्टिकचे, नंतर काकांच्या मर्जीनं.

प्रत्यक्ष काम

बंगळुरूच्या एका ओळखीच्या हौशीकडे वापरलेली पण धड असलेली पोलादी गिअरबॉक्सची जोडी पडून होती, कमी वेगाची आणि जास्त ताकदीची. कुरिअरनं आली. वेग कमी झाला याचं कुणालाच दुःख नव्हतं. खऱ्या टी-९०चा रस्त्यावरचा वेग ताशी ६० किलोमीटर. १६नं भागला तर ताशी पावणेचार, म्हणजे माणूस रमतगमत चालतो तेवढा. खोक्यातून निघालेलं मॉडेल त्याहून जोरात पळायचं आणि खेळणंच वाटायचं.

दांड्याचं काम काकांचं. हलच्या अंडाकृती भोकाभोवती पितळेची चकती बसवली, तिच्यात मिनिएचर बेअरिंग. बेअरिंग बोहरी आळीतून. चकती त्यांनी ओळखीच्या लेथवर स्वतः उभं राहून काढली, आणि डाव्या-उजव्या दांड्यांची उंची एकसारखी आहे ना हे काचेवर मॉडेल ठेवून फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पाहिलं. पाव मिलिमीटरचा फरक निघाला. तोही काढला. याची गरज नव्हती असं पुतण्या म्हणतो. मला वाटतं पुढे दहा दिवस गिअरचा आवाज एकसारखा राहिला तो त्या पाव मिलिमीटरमुळेच.

टरेट उघडणं सगळ्यांच्या जिवावर आलं. कोन्ताक्तचे भरीव ठोकळे काढून एक मिलिमीटर जाडीच्या स्टायरिन प्लॅस्टिकच्या शीटचे पोकळ केले. मूळ ठोकळे साच्यात ओतलेले होते. नवे कापून, कडा ४५ अंशात घासून चिकटवावे लागले, प्रत्येकाचा उतार थोडा वेगळा. पितळेच्या नळीऐवजी किटमधलीच नळी परत आली. या मापात ती ३७ सेंटिमीटरची, आणि पितळेची असताना नाक खाली दाबत होती. टरेट आडवं फिरवलं की गाडी एका अंगाला कलायची. टरेटमधून साडेचारशे ग्रॅम गेले. रोडव्हील पुन्हा प्लॅस्टिकची, चारशे ग्रॅम. गोळ्या उडवणारी यंत्रणा काढली, एक तर वजन म्हणून आणि दुसरं म्हणजे समोर लहान मुलं बसणार होती. त्या जागी नळी मागे झटकणारी छोटी सर्व्हो मोटर आली. स्प्रॉकेट आणि आयडलर तेवढे धातूचे ठेवले, कारण झिजतात ते तेच. शेवटी काट्यावर ४ किलो ३०० ग्रॅम.

बोर्ड नवा. तो तपकीर गल्लीत मिळण्यातला नव्हता, मॉडेलवाल्यांच्या गटातल्याच एकाकडून घेतला. फ्यूज आणि त्याचा होल्डर मात्र तिथूनच.

रंग पुन्हा मारताना पावसानं गाठलं. लॅकर प्रायमर हवेतल्या ओलीनं पांढरट चढला, दोन वेळा घासून काढावा लागला. मग बंद खोलीत दिवसभर आधी दिवा जळत ठेवून काम केलं. धुळीचा नियम बदलला: झालरीच्या वर मुलतानी माती, तीही मॅट व्हार्निशनं बांधलेली, झालरीच्या खाली फक्त तेलरंगाचा वॉश, एक कणही सुटा नको.

आणि रस्ता. सुटी वाळू काकांना हवी होती, कारण ट्रॅकचे ठसे उमटतात. पुतण्यानं ग्रीसमधली पेस्ट दाखवली. प्लायवूडवर फेविकॉल, त्यावर चाळलेली वाळू, सुकल्यावर झाडून रंग. कण पक्का, पृष्ठभाग खरखरीत पण न धरणारा. ठसे आधीच दोन रेघांत, जुना प्लॅस्टिक ट्रॅक दाबून उमटवलेले. जागच्या जागी वळणं कार्यक्रमातून काढलं. रणगाडा टेकाडामागून मोठ्या वळणानं येणार, अर्धवर्तुळ घेऊन परत जाणार. सेक्रेटरींना वळण हवंच होतं, त्यांना टरेट पूर्ण फिरवून दाखवलं, त्यांचं समाधान झालं. प्रेक्षकांचंही लक्ष टरेटवरच असतं.

दहा दिवस काय झालं

पहिले काही दिवस सुरळीत. मोठ्या वळणावर वीज साडेतीन अँपिअरच्या पुढे गेली नाही, बोर्डाला हात लावला तर कोमट. नंतर एका संध्याकाळी अर्ध्या वळणात प्लॅस्टिकच्या ट्रॅकची एक कडी पिनेपाशी तुटली आणि ट्रॅक मागे साप टाकल्यासारखा पडला. पुतण्यानं माइकवर सांगितलं की शत्रूच्या सुरुंगानं ट्रॅक उडाला आहे, जवान दुरुस्ती करत आहेत. तीन कड्या खिशात होत्याच. लोकांना तो प्रसंग सगळ्यात जास्त आवडला, इतका की दुसऱ्या दिवशी काही जण पुन्हा सुरुंग कधी फुटणार विचारायला आले.

धातूचा ट्रॅक असता तर ही कडी तुटली नसती, हे काकांनी लगेच ऐकवलं. बरोबर आहे. पण मग जो भाग तुटला असता तो खिशात मावणारा नसता.

एक गोष्ट मात्र फसली. धूर. डबीतलं तेल तापून येणारा धूर पहिल्या दिवशी उदबत्तीच्या आणि धुपाच्या धुरात दिसलाच नाही, आणि सलग चालवल्यावर तिची कॉइल गेली. तिच्यावर कुणी वेळ घालवला नाही. आतल्या स्पीकरच्या आवाजाचंही तसंच; ढोल सुरू झाले की इंजिन ऐकू येत नव्हतं, म्हणून स्पीकर मांडवाच्या ध्वनिवर्धकाला जोडला.

कोन्ताक्तचे दोन ठोकळे कुणाच्या तरी हातानं गेले. फोटो काढताना मुलं नळीला हात लावायची. समोर दोरी बांधली ती आठव्या दिवशी.

पुन्हा करायचं झालं तर

माझ्या मते क्रम उलटा हवा होता. गाडी कुठे, किती वेळ, कशावर चालणार आणि जागच्या जागी वळणार का, याची उत्तरं एम-सीलचं पुडकं फोडण्याआधी घ्यायची. उत्तर 'कपाटात' असेल तर धातू हवा तेवढा लावा, अकरा किलोपर्यंत न्या, काकांचा हिशेब तिथे बिनतोड आहे. उत्तर 'जाजमावर दहा दिवस' असेल तर वजनाचा आकडा आधी लिहून ठेवायचा आणि प्रत्येक भाग लावताना त्यातून वजा करत जायचं. काकांच्या वहीत प्रत्येक भागाची किंमत लिहिलेली होती, वजन एकाचंही नव्हतं. स्वयंपाकघरातला काटा दहा फुटांवर होता.

दांड्याचं बेअरिंग आणि फ्यूज हे सुरुवातीलाच व्हायला हवेत, मॉडेल कुठलंही असो. दोन्ही मिळून खर्च अगदी किरकोळ, आणि टरेट रंगवून झाल्यावर हल उघडण्याची पाळी येत नाही. धूळ लावायची तर चालत्या भागांपासून लांब. आणि सुटी धूळ फक्त फोटोच्या दिवशी.

पोलादी गिअरबॉक्स घेतलाच नसता तरी चाललं असतं का, यावर आमचं एकमत नाही. पुतण्याचं म्हणणं, ४ किलो ३०० ग्रॅमला आणि नव्या रस्त्याला प्लॅस्टिकची नवी चाकंही पुरली असती. त्याचे आकडे त्याच्या बाजूनं आहेत: वजन तीस टक्के उतरलं आणि घर्षणही उतरलं, तर जागच्या जागी वळतानाही ओढ किलोच्या आत येते. काकांचं म्हणणं, दहा दिवसांचं काम आकड्यांच्या भरवशावर सोडायचं नसतं. तालमीला आणखी आठवडा असता तर प्लॅस्टिकवर चालवून पाहता आलं असतं. तो नव्हता.

सध्या भीष्म काकांच्या दिवाणखान्यात आहे. अनंत चतुर्दशीनंतर आठवड्याच्या आत त्यांनी धातूचे ट्रॅक परत चढवले. पुतण्यानं मोजून अट घातली आहे: फरशीवर वळताना साडेपाच अँपिअरच्या आत राहतो, तेव्हा फरशीवर खुशाल फिरवा, सतरंजीवर न्यायचा नाही. पितळेची नळी अजून डब्यात आहे. तिच्याबद्दल बोलणी चालू आहेत.